सत्तावीस इंच

प्रभाने मागाच्या सुताला दोन गाठी मारल्यात.
या गाठीपासून त्या गाठीपर्यंत सत्तावीस इंच,
म्हणजे मी, खुर्चीसकट, कोपरं आत घेऊन.
ती सूत घेऊन आत जाते,
मी बाहेर रज्जाकभाईंच्या रिक्षात बसून
पायऱ्या मोजतो.

जुळे सोलापुरात पाच.
विजापूर रोडला तीनच, पण संडास माडीवर.
होटगी रोडला लिफ्ट होती, चालूही होती,
डिपॉझिटचा आकडा ऐकून
रज्जाकभाईंनीच गुपचूप रिक्षा वळवली.

शेळगीत मालक स्वतः बाहेर आले,
रस्त्यात उभं राहून सॅल्यूट ठोकला.
“कारगिल का?”
नाही म्हटलं. साधा मंगळवार होता.
रेशनची गाडी, ओला रस्ता, एक वळण.
त्यांचा हात हळूहळू खाली आला.
“तसं बघायला गेलं तर,” ते म्हणाले,
“खालची खोली पोराच्या दुकानासाठी ठेवलीय.”

दर सव्वीस जानेवारीला मला शाळेत बोलावतात.
स्टेजला सात पायऱ्या, चार पोरं उचलतात.
त्यातला एक हसू दाबत असतो,
तोच मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.
शाल, नारळ, टाळ्या.
अकरा शाली झाल्यात आता,
चादरींच्या गावात, ट्रंकेत, मेव्हण्याच्या पलंगाखाली.

एका घराचं दार भरलं अठ्ठावीस.
प्रभा बाहेर आली ती जवळजवळ पळतच,
आणि मग आम्ही दोघांनी एकदमच उंबरा पाहिला.
चार बोटं उंच, सागवानी, हळदीनं पिवळा.
“तेवढा काढता आला तर... खर्च आमचा.”
मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला.
“मग लक्ष्मी कुठून येणार हो?”
त्यांचंही खरं.
लक्ष्मीला पाय आहेत.

दुपारी चव्वेचाळीस. खुर्चीच्या कडा चटके देतात.
रज्जाकभाई टॉवेल भिजवून टाकतात तिच्यावर,
घोड्याला टाकावा तसा.

नीलमनगरात नरसुबाई येमूल
सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या, बघा जाऊन.
चार माग होते, दिवाळीत भंगारात गेले.
उरली ती नुसती शेड, पत्र्याची,
आढ्याला अजून कापसाची म्हातारी चिकटलेली.
प्रभाने दारात सूत धरलं
आणि ते मधेच लोंबत राहिलं.
दार बीम आत ढकलायला केलेलं.
उंबरा नाही. उंबरा असता
तर बीम गेला असता कसा?

नरसुबाईंनी कुठली लढाई ते विचारलं नाही.
“पाणी चार दिवसांनी येते. कोण भरणार?”
मी म्हटलं, मी. नळ मला जवळ पडतो.
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
विडीचा दोरा दातानं तोडला.
“अडीच हजार. पेन्शन झाल्यावर.”

जमिनीत बोल्टांची भोकं आहेत,
पुढचं चाक त्यात जातं.
मी झोपतो ती जागा तिसऱ्या मागाची.
रात्री नरसुबाईंना जाग येते,
खटखट बंद झाल्यापासून येते, म्हणतात.
मी खुर्ची फिरवली की भिंतीपलीकडून विचारतात,
काय चाललंय?
काही नाही, मी म्हणतो. मीच.

संडास मागच्या बाजूला. तिथं मात्र एक पायरी.
गवंडी गुरुवारी येतो म्हणाला होता.
आज शनिवार.
तेवढ्या एका पायरीला प्रभा काखेत हात घालून
मला उचलते,
आणि तेवढा वेळ
आम्ही दोघंही काही बोलत नाही.